निकालात काढलेल्या मोटारी



वसंत व्याख्यानमालेत मोडक्या मोटारींविषयी बोलावयाचे म्हणजे लग्नाच्या मांडवात चपलांची चर्चा करण्यासारखे आहे, असे आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस बजावले होते. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यास १८७५ साली या उपक्रमाचा आरंभ झाला; तेव्हापासून महाराष्ट्रातील अशा व्यासपीठांनी संतवाङ्मय ऐकले, इतिहास ऐकला, अर्थशास्त्र आणि राजकारण ऐकले. त्या मानाने आमचा विषय तेलकट आहे खरा. परंतु मांडवातून बाहेर पडताना आपली चप्पल जागेवर नसली, म्हणजे मंगलाष्टकांची गोडी क्षणात उतरते, हाही अनुभव आपणांपैकी पुष्कळांस असेल. ज्याची रोज गरज पडते त्याविषयी केव्हातरी चारचौघांत बोलले पाहिजे, एवढ्याच हेतूने आम्ही हे धाडस करीत आहो.

आम्ही मोटार विम्याचे सर्व्हेअर म्हणून पुष्कळ वर्षे काम केले. अपघात झाला, आग लागली, पाणी शिरले, की विमा कंपनी ज्याला गाडी पाहण्यास पाठविते तो हा माणूस. १९३८ च्या विमा कायद्यातील ६४-यूएम या कलमान्वये ठरावीक रकमेवरील नुकसान परवानाधारक सर्व्हेअरने पाहिल्यावाचून कंपनीला दावा चुकता करता येत नाही. तेव्हा गाडीखाली आडवे पडून वर पाहण्यात आमचे आयुष्य गेले. त्या आडव्या अवस्थेत आम्हांस जे दिसले, आणि जे त्या वेळी दिसावयास हवे असूनही दिसले नाही, ते आज आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

प्रारंभ वांद्र्यापासूनच करू. २६ जुलै २००५ हा दिवस येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस विसरता येणे शक्य नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. वर आभाळ फाटलेले आणि खाली समुद्राला भरती. मिठी नदीचे पाणी माहीमच्या खाडीतून बाहेर पडेना, ते मागे फिरले आणि कलानगर, वांद्रे-कुर्ला संकुल, कालिना, कुर्ला असे पसरत गेले. कित्येक माणसे गाडीच्या काचा वर करून, पाणी ओसरेल या आशेने आतच बसली आणि आतच गुदमरून गेली. दारे उघडेनात, विजेवर चालणाऱ्या काचा खाली येईनात. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि नदीचे काय झाले, नाल्यांचे काय झाले, याचा तिने विचार केला. बुडालेल्या मोटारींचे पुढे काय झाले याचा विचार करण्यासाठी कोणी समिती नेमल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

पाणी ओसरल्यावर रस्त्याच्या दुतर्फा चिखलाने माखलेल्या गाड्यांच्या रांगा उभ्या होत्या. गॅरेजांत जागा उरली नाही, म्हणून मोकळ्या मैदानांत त्या ओढून ठेवल्या गेल्या. आम्ही सकाळी सातला निघत असू आणि दिवसाउजेडी जितक्या पाहता येतील तितक्या गाड्या पाहत असू. दार उघडावे, आतून पाणी वाहावे, कुजका वास यावा; सीटवरची, डॅशबोर्डवरची चिखलाची रेघ मोजावी आणि कागदावर लिहावे, 'पाणी डॅशबोर्डपर्यंत. टोटल लॉस.' खाली सही. पुढची गाडी.

या 'टोटल लॉस' शब्दाचीच आज आम्हांस थोडी फोड करावयाची आहे. मराठीत आपण म्हणतो, 'गाडी निकालात निघाली'. ऐकणाऱ्यास वाटते की गाडी मेली, संपली, आता ती भट्टीत जाणार. हा समज मुळातच चुकीचा आहे. टोटल लॉस हा हिशेबाचा शब्द आहे. तो पैशाविषयी सांगतो, गाडीविषयी फारच थोडे सांगतो. कसे ते पाहा.

विमा काढताना गाडीची एक किंमत धरलेली असते. तिला विमा घोषित मूल्य, म्हणजे व्यवहारातले आयडीव्ही म्हणतात. कंपनीच्या चालू किमतीतून गाडीच्या वयाप्रमाणे घसारा वजा करून ती काढावयाची. २००२ च्या मोटार विमा दरपत्रकात हा घसारा बांधून दिलेला होता : सहा महिन्यांच्या आत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दोन वर्षांच्या आत २०, तीन वर्षांच्या आत ३०, चार वर्षांच्या आत ४० आणि पाच वर्षांच्या आत ५० टक्के. आणि त्याच दरपत्रकातील व्याख्या अशी, की गाडी उचलून आणण्याचा व दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती गाडी संपूर्ण नुकसानीत गेली असे धरावे. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत आजही सर्रास हीच व्याख्या छापलेली असते.

आता एक उदाहरण घेऊ. नवी किंमत ८ लाख रुपये असलेल्या, एकाच रंगाच्या, एकाच बनावटीच्या दोन गाड्या आहेत. एक दहा महिन्यांची, दुसरी साडेतीन वर्षांची. दोन्ही एकाच नाक्यावर सारख्याच आपटल्या आणि दोहोंच्या दुरुस्तीस पावणेचार लाख खर्च येणार आहे. इतर वजावटी सोडून देऊ. दहा महिन्यांच्या गाडीचे आयडीव्ही ६ लाख ८० हजार. त्याचे ७५ टक्के ५ लाख १० हजार. पावणेचार लाख त्याच्या आत बसतात. तेव्हा ती दुरुस्त होणार. साडेतीन वर्षांच्या गाडीचे आयडीव्ही ४ लाख ८० हजार. त्याचे ७५ टक्के ३ लाख ६० हजार. पावणेचार लाख त्याच्या वर गेले; ती टोटल लॉस. जखम तीच, एक जिवंत आणि एक मेलेली!

येथून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही, की टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी धोक्याची असतेच असे नाही. बॉनेट, दोन दारे, दिवे, काच एवढेच गेले, तरी जुन्या गाडीच्या मानाने खर्च डोईजड होतो. कुशल कारागिराने ती नीट केली तर ती वर्षानुवर्षे चालते. दुसरी गोष्ट उलट आहे, आणि ती अधिक काळजीची. जी टोटल लॉस झाली नाही, ती धड असतेच असे नाही. नव्या महाग गाडीचा सांगाडा वाकला, तरी खर्च मर्यादेत बसला म्हणून ती दुरुस्त होते, आणि त्या वाकण्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात होत नाही. थोडक्यात, गाडीची प्रकृती कशी आहे, या प्रश्नाचे उत्तर आमच्या या प्रसिद्ध शब्दात नाही. आणि खरेदीदारास तर तेवढेच हवे असते.

बरे, शब्द लिहिला. पुढे गाडीचे काय होते? विमा कंपनी सर्व्हेअरला त्या मोडक्या गाडीची, म्हणजे सॅल्व्हेजची, किंमत विचारते. एक मार्ग असा, की कंपनी मालकास सारी रक्कम देते व सॅल्व्हेज आपण विकते. दुसरा असा, की सॅल्व्हेजची किंमत वजा करून उरलेली रक्कम मालकास मिळते आणि मोडकी गाडी त्याच्याच दारात राहते. ती त्याने पुढे विकावी. पूर्वी यासाठी वर्तमानपत्रांत जाहिराती येत, लखोटाबंद बोली येत. आता संगणकावर लिलाव होतात आणि मुंबईतील गाडीस दुसऱ्या प्रांतातून बोली लागते. 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे' ही विक्रीची अट असते.

या धंद्यात एका गोष्टीकडे आम्ही पुष्कळ दिवस काणाडोळा केला. सॅल्व्हेजला बहुधा दोन भाव विचारले जातात, एक 'आर.सी.सह' आणि दुसरा 'आर.सी.विना'. आर.सी. म्हणजे गाडीचे नोंदणीपुस्तक. गाडी तीच, लोखंड तेच, वजन तेच. पण पुस्तकासह ती अधिक पैसे आणते. आता विचार करा : ज्याला गाडी तोडून तिचे सुटे भाग विकावयाचे आहेत, त्याला पुस्तकाचा काय उपयोग? इंजिन विकताना, दार विकताना पुस्तक कोण मागतो? तेव्हा या दोन भावांतील जो फरक, ती त्या कागदाची किंमत होय. तो कागद कोणास आणि कशासाठी हवा असतो, हे समजले की या साऱ्या व्यवहाराची चावी हाती येते.

मोडक्या गाडीपुढे तीन वाटा असतात.

पहिली वाट कुर्ल्यास जाते. वांद्रे-कुर्ला संकुलाच्या पलीकडे सी.एस.टी. रोडला जुन्या गाड्यांच्या भागांची दुकाने आहेत, ती आपण पाहिली असतील. याच कुर्ल्यास वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. मुंबईच्या रस्त्यांवर धावलेल्या फियाट आणि पद्मिनी तेथून बाहेर पडल्या. तोडणाऱ्या लोकांविषयी सभ्य समाजात नाक मुरडण्याची चाल आहे. आमचे मत तसे नाही. एका गाडीचे दार, दुसरीचा गिअरबॉक्स, तिसरीचा रेडिएटर निवडून जो गरिबाची टॅक्सी निम्म्या खर्चात रस्त्यावर आणतो, तो समाजाचे काही नुकसान करीत नाही. भाग भाग म्हणून विकला गेला की त्यात लपविण्यासारखे फारसे उरत नाही.

दुसरी वाट गॅरेजमध्ये जाते. गाडी दुरुस्त होते, डेंटिंग-पेंटिंग होते आणि ती पुन्हा बाजारात येते. याही वाटेस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो न सांगण्यास. अपघातात फुटलेल्या एअरबॅगा नव्या बसवावयाच्या तर बराच खर्च येतो. म्हणून काही ठिकाणी त्या बसवीतच नाहीत, वरून डॅशबोर्डचे झाकण तेवढे नवे लावतात. कोठे एका गाडीचा पुढचा अर्धा आणि दुसरीचा मागचा अर्धा जोडून एक गाडी उभी करतात. बाहेरून रंग असा चकचकीत, की नव्या नवरीसही हेवा वाटावा!

तिसऱ्या वाटेने गाडी जातच नाही, केवळ कागद जातो. मोडकी गाडी पुस्तकासह घ्यावयाची, तिचा सांगाडा भंगारात फुंकून टाकावयाचा, आणि त्याच बनावटीची, त्याच रंगाची गाडी चोरून तिच्यावर या मेलेल्या गाडीचा चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक ठोकावयाचा. मग ती चोरीची गाडी पुस्तकानुसार अगदी कायदेशीर होते. लखनौच्या पोलिसांनी २०२० साली अशा मोठ्या टोळीचा छडा लावला, तेव्हा टोटल लॉस झालेल्या गाड्यांचे कागदच तिचे भांडवल होते, असे उघड झाले. आर.सी.सह भाव अधिक का, याचे एक उत्तर हे आहे.

आता आम्हांस जे सांगण्यास थोडा संकोच वाटतो, ते सांगतो.

२००८ च्या पावसाळ्यात वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीतील एक तरुण आमच्याकडे आला. त्याच्या वडिलांची आणि आमची जुनी ओळख. नुकताच बाप झालेला. पतपेढीचे कर्ज काढून त्याने एक जुनी छोटी मोटार घेतली होती. महिनाभर ती बरी चालली. पाऊस सुरू झाला आणि तिचे रंग दिसू लागले. कधी दिवे आपोआप लागत, कधी वायपर बंद पडत. एका रात्री पश्चिम द्रुतगती महामार्गावर, खेरवाडीच्या जवळ, भर वेगात तिचे इंजिन आणि सारे दिवे एकदम गेले. मागच्या सीटवर बायको आणि चार महिन्यांचे मूल. मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकाने शेवटच्या क्षणी गाडी वळविली म्हणून तिघे वाचली. "काका, हे विम्यातून मिळेल का, एवढंच विचारायला आलोय," असे तो म्हणाला.

आम्ही खाली जाऊन गाडी पाहिली. सीट सरकविण्याच्या पट्ट्या गंजलेल्या. मागचा सीटबेल्ट पुरता ओढून काढला, तर टोकाकडे मळकट आडवी रेघ. गालिच्याखाली वायरींचे जोड हिरवे पडलेले. खाडीचे पाणी खारट. ते तांब्यात शिरले की वर्षानुवर्षे आतून खात राहते. ही गाडी बुडालेली होती, याविषयी आम्हांस शंका उरली नाही. पाहिलेल्या प्रत्येक गाडीचा चॅसिस क्रमांक वहीत टिपून ठेवण्याची आमची सवय. घरी जाऊन २००५ ची वही काढली. क्रमांक सापडला. ऑगस्टचा पहिला आठवडा, 'पाणी डॅशबोर्डपर्यंत, टोटल लॉस', आणि खाली आमचीच सही.

आम्ही वही त्याच्यापुढे ठेवली. ती त्याने दोनदा वाचली आणि विचारले, "काका, तुम्हीच हिला मेली म्हणून लिहिलंत. मग ती मला विकली कोणी?"

श्रोतेहो, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. कंपनीने नियमाप्रमाणे दावा दिला. मूळ मालकाने नियमाप्रमाणे पैसे घेतले. बोली लावणाऱ्याने नियमाप्रमाणे गाडी उचलली. दुरुस्त करणाराने दुरुस्त केली, दलालाने विकली. आम्ही तर नियमाप्रमाणे सही केलीच होती. प्रत्येकाचा कागद चोख होता. आणि त्या चोख कागदांच्या उतरंडीवरून ते चार महिन्यांचे मूल मालमोटारीच्या चाकापर्यंत येऊन पोहोचले होते. आमचा अहवाल कंपनीच्या फायलीत सुखरूप होता. तो गाडीबरोबर गेला नव्हता, कारण तो गाडीबरोबर जावा अशी काही सोयच नव्हती, आणि अशी सोय नाही याचा विचार आम्ही तोवर एकदाही केला नव्हता.

त्या तरुणापुढे दोन मार्ग होते. एक सोपा. पावसाळा संपू द्यावा, गाडी धुऊन-पुसून उभी करावी आणि ज्या भावाने घेतली त्याच भावाने, ज्या मौनाने घेतली त्याच मौनाने पुढच्याच्या गळ्यात मारावी. त्याच्या कचेरीतल्या दोघा-तिघांनी त्याला हाच सल्ला दिला. त्याने तसे केले नाही. त्याने गाडी कुर्ल्यास तोडण्यास दिली आणि परिवहन कार्यालयात जाऊन तिची नोंदणी रद्द करून घेतली. हाती जे आले त्यातून कर्जाचा निम्मा भागही फिटला नाही. उरलेले हप्ते तो दोन वर्षे, नसलेल्या गाडीचे, भरीत राहिला. विमा कंपनीने, दलालाने आणि आम्ही, तिघांनी मिळून जे करावयास हवे होते, ते त्या एकट्याने स्वतःच्या पगारातून केले. त्यानंतर त्याच्याकडे सरळ पाहण्यास आम्हांस बरेच दिवस लागले.

नोंदणी रद्द करण्याविषयी आपला कायदा मुका नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५५ वे कलम सांगते, की गाडी नष्ट झाली वा कायमची निरुपयोगी झाली, तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्यास कळवावे व पुस्तक परत करावे. परंतु गाडी 'कायमची निरुपयोगी' झाली हे ठरवावयाचे कोणी? टोटल लॉस म्हणजे कायमची निरुपयोगी असे कायदा म्हणत नाही. आणि नोंदणीपुस्तकात तर तसा रकानाच नाही. मोबाइलवर गाडीचा क्रमांक घातला की नोंदणी केव्हाची, विमा केव्हापर्यंत, हे आज कोणासही दिसते. ही गाडी कधी पाण्यात बुडाली होती काय, हे मात्र दिसत नाही.

इतर देशांनी काय केले? इंग्लंडात विमा कंपन्यांच्या संघटनेने आपल्यापुरती एक संहिता केली आहे. २०१७ च्या ऑक्टोबरपासून तिच्यात चार वर्ग आहेत. 'ए' म्हणजे गाडी भागांसकट चिरडावयाची. 'बी' म्हणजे भाग काढून घ्यावेत, सांगाडा चिरडावा. 'एस' म्हणजे सांगाड्यास इजा, पण दुरुस्त होण्याजोगी. आणि 'एन' म्हणजे सांगाड्यास इजा नाही. पूर्वी तेथेही 'सी' आणि 'डी' हे वर्ग खर्चाच्या हिशेबावर होते. ते टाकून गाडीच्या शरीराकडे पाहणारे वर्ग त्यांनी घेतले. आम्ही आरंभी जो फरक सांगितला तो हाच. अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे आहेत. गाडीच्या मालकीपत्रावरच 'सॅल्व्हेज' किंवा 'पूरग्रस्त' असा शिक्का पडतो, आणि १९९२ च्या कायद्याने अशा नोंदी एकत्र ठेवण्यासाठी राष्ट्रीय व्यवस्था आखली गेली. तेथे सर्व आलबेल आहे असे नव्हे. एका राज्यातला शिक्का दुसऱ्या ढिल्या राज्यात नेऊन धुऊन काढण्याची विद्या तेथील लोकांनीही साधलेली आहे. तथापि, धुण्यासाठी का होईना, तेथे शिक्का आहे. आपल्याकडे धुण्यासारखेही काही नाही!

आपल्याकडे काही पावले पडली आहेत, ती नाकारू नयेत. २०२१ साली वाहने मोडीत काढण्याच्या केंद्रांविषयी नियम झाले. आग, दंगल, नैसर्गिक आपत्ती किंवा अपघात यांत सापडलेली गाडी मालकाने स्वतः भंगार म्हणून लिहून दिली, तर ती अशा केंद्रात तोडता येते व तसे प्रमाणपत्र मिळते. जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी २०२३ च्या एप्रिलपासून अधिकारपत्राची योजना आली. गाडी ताब्यात घेताना व्यापाऱ्याने परिवहन कार्यालयास कळवावे, म्हणजे मधल्या काळात तिची जबाबदारी त्याच्यावर राहील. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण पहिलीत मालकाने आपण होऊन लिहून द्यावयाचे आहे, आणि पुस्तकासह भाव जोवर अधिक आहे तोवर किती मालक आपण होऊन लिहून देतील?

येथे मालकाच्या स्वार्थाचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. दावा मिळताना मालकापुढे कागदांचा गठ्ठा येतो. त्यात मालकी बदलण्याचे २९ व ३० क्रमांकाचे नमुने असतात. घेणाऱ्याचे नाव कोरे. मालक सही करतो आणि सुटलो म्हणतो. तो सुटलेला नसतो! सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात ६ फेब्रुवारी २०१८ रोजी स्पष्ट केले, की अपघाताच्या दिवशी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. त्या खटल्यात मूळ मालकाने गाडी २००७ साली विकली होती, ती पुढे आणखी हातांतून गेली होती, आणि अपघात झाला २००९ साली. तरी पुस्तकात नाव त्याचेच होते. कोऱ्या कागदावर सही करून आपण गाडी विकत नाही. आपले नाव तेवढे अनोळखी माणसाच्या हवाली करतो.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगून आम्ही आटोपते घेतो.

पाण्यात अडकलेली गाडी कधीही चालू करून पाहू नका. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना चावी फिरविली की आतले दांडे वाकतात, आणि ते नुकसान पुराने झाले की आपण केले, यावर कंपनीशी वाद सुरू होतो. जुनी गाडी घेताना रंग पाहू नका. गालिचा उचला, सीटबेल्ट टोकापर्यंत ओढा, डिकीतील जादा चाक काढून खालच्या खळग्यात चिखलाची पूड आहे का पाहा. चावी फिरविताच एअरबॅगेचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर तो मुद्दाम काढून ठेवला असण्याचा संभव आहे. विकणाऱ्याकडे मागील वर्षांच्या विम्याचे कागद मागा. मध्येच एखादे वर्ष विमा नाही, किंवा गाडी परप्रांतातून मधल्या मधे फिरून आली आहे, असे दिसले तर कारण विचारा. आणि विकणाऱ्याकडून एका ओळीचे लिहून घ्या : ही गाडी अपघातात वा पाण्यात टोटल लॉस झालेली नाही. खरे असेल तर लिहून देण्यास त्याचे काय जाते? फसवणूक झालीच, तर उपनगर जिल्ह्याचा ग्राहक आयोग येथून दूर नाही, वांद्रे पूर्वेस चेतना महाविद्यालयाजवळ आहे. तेथे ती एक ओळ शंभर शपथांपेक्षा अधिक उपयोगी पडते.

विमा कंपन्यांस आमचे मागणे एवढेच, की इंग्लंडातल्याप्रमाणे कायद्याची वाट न पाहता आपसांत वर्ग ठरवावेत. आणि दावा देताना गाडी कोणत्या वर्गाची, हे नोंदणी कार्यालयास कळवावे. आमच्या सर्व्हेअर बंधूंस मागणे असे, की खर्चाच्या आकड्याखाली गाडीच्या प्रकृतीविषयीही एक वाक्य लिहीत जा. त्या तरुणाच्या भेटीनंतर आम्ही ते लिहू लागलो : 'खाऱ्या पाण्यात बुडालेली, सर्व वायरिंग बदलल्याखेरीज रस्त्यावर आणू नये.' ते वाक्य फायलीतच राहत असे, हे आम्हांस ठाऊक होते. तरी लिहीत असू. कधीतरी ते फायलीबाहेर पडण्याची वाट होईल, तेव्हा तेथे लिहिलेले असले पाहिजे.

आणि आपणां सर्वांस मागणे असे. आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकजण एखादी जुनी वस्तू विकणार आहे. विकताना तिचा दोष सांगितला तर भाव उतरतो, हे खरे. तो उतरलेला भाव कोणीतरी सोसावयाचाच असतो. प्रश्न एवढाच, की ज्याला ठाऊक आहे त्याने तो सोसावा, की ज्याला ठाऊक नाही त्याने. वांद्र्याच्या त्या तरुणाने आपले उत्तर पगारातून दिले. आमची सही मात्र अजून त्या वहीत तशीच आहे.